आधी नावं, मग फोटो

अंबड तालुक्यातल्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो आहे. अकरा माणसं. पाच खुर्च्यांवर, चार मागे उभी, दोन पोरं पुढे सतरंजीवर मांडी घालून. पुठ्ठ्याच्या मागे शाईने उर्दू आकड्यांत 1347 लिहिलंय आणि त्याखाली मोडीत एक शब्द आहे, तो घरात कुणालाच लागला नाही. बरीच वर्षं समजूत अशी की हा हिजरी सन, म्हणजे फोटो 1928चा. एका पुतण्याने शके धरलं, तर साल निघालं 1425. म्हणजे कॅमेऱ्याचा शोध लागण्याच्या चारशे वर्षं आधी आमचे पूर्वज फेटे बांधून फोटोला बसले होते.

खरं उत्तर सोपं होतं. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनाने चाले. फसली आकड्यात 590 मिळवले की इसवी सन मिळतो. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आझूर महिन्याने सुरू होई. त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या तारखेला 591 मिळवायचे. म्हणजे आमचा फोटो ऑक्टोबर 1937 ते ऑक्टोबर 1938 यामधला. जालना, अंबड, भोकरदन, परतूर भागातल्या जुन्या घरांत दै, बहमन, खुर्दाद, तीर असे महिने लिहिलेले कागद आणि फोटो निघतात, ते याच हिशेबाचे. फोटोवरचा आकडा तेराशे चाळीस-पन्नासच्या घरात दिसला तर आधी फसली धरून बघा. शके असेल तर 78 मिळवा, आणि उत्तर हास्यास्पद आलं तर पुन्हा फसलीकडे या.

साल लागलं, पण अकरांपैकी चारच माणसांची नावं आज माहीत आहेत. उरलेली सगळी सांगू शकणारी एक आत्या होती. तिच्यासमोर हा फोटो कुणी धरलाच नाही. ती गेल्यावर दहाव्याच्या दिवशी पेटी उघडली, तेव्हा सगळ्यांना एकदम आठवण झाली.

म्हणून घरातले, शाळेतले, वाचनालयातले किंवा गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतले जुने फोटो इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करायचे मनात असेल, तर स्कॅनरची चौकशी नंतर करा. कागद अजून वीस वर्षं टिकेल. ऐंशीच्या पुढचं माणूस तेवढं थांबणार नाही. मोबाइलवर प्रत्येक फोटोची साधी प्रत काढा, तिला क्रमांक द्या, आणि फोटो घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा. ‘हे कोण?’ एवढंच विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं. ‘हा फोटो काढला त्या दिवशी काय होतं?’ असं विचारलं की लग्न, वाद, दुष्काळ, उधारी, सगळं बाहेर येतं. बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. डावीकडून उजवीकडे ओळीने नावं विचारा, आणि ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडून हे आधी ठरवून घ्या. निम्मे घोटाळे इथेच होतात. बायकांची नावं विचारताना ‘अमक्याची बायको’ यावर थांबू नका. तिचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव विचारा. जुन्या ग्रुप फोटोंत सर्वांत आधी पुसली जातात ती बायकांची नावं आणि कडेला उभ्या असलेल्या गड्याचं नाव.

जालन्याच्या बाबतीत हे काम जास्त निकडीचं आहे, त्याला कारण या भागाचा इतिहास. जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. त्याआधी बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरकडचा परभणीत होता. 1956पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्वैभाषिक मुंबई, मग 1960ला महाराष्ट्र. राजधानी बदलत गेली तशी दप्तरंही विखुरली. जालन्याविषयीचा एखादा सरकारी फोटो किंवा कागद हैदराबादच्या अभिलेखागारात असेल, छत्रपती संभाजीनगरच्या किंवा मुंबईच्या पुराभिलेख कार्यालयात असेल, नाहीतर थेट लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. जालना ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी असल्यामुळे इंग्रजांच्या कागदांत गावाचं नाव वारंवार येतं, पण फक्त आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती फारसं लागायचं नाही. त्यांनी ते जे-ए-यू-एल-एन-ए असं, कधी शेवटी आणखी एक एच लावून लिहिलं आहे. शोधताना तिन्ही स्पेलिंगं वापरून बघा.

राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. त्यांचा कॅमेरा वेरूळला, दौलताबादला पोचला, आणि त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह 1989मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेऊन ठेवल्या. राजवाडे, लेणी, शिकारी यांची काळजी अशी कुणीतरी घेतली. मोंढ्यातल्या आडत दुकानाचा, कादराबादच्या गल्लीतल्या लग्नाचा, धुळवडीच्या हत्ती रिसाल्याचा, 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांचा फोटो कुठल्याही दरबारी अल्बममध्ये नाही. असलाच तर तो तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे.

आता कुणी विचारेल की ट्रंकेतला फोटो जगाला कशाला दाखवायचा? याचं एक उत्तर वॉशिंग्टनहून येतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी 2008मध्ये फ्लिकर या संकेतस्थळावर सुमारे तीन हजार जुने फोटो खुले केले आणि लोकांना म्हटलं, ओळखीचं काही दिसलं तर सांगा. जगभरच्या अनोळखी माणसांनी ठिकाणं, माणसं, तारखा सांगितल्या, आणि पाचशेहून अधिक फोटोंच्या नोंदी ग्रंथालयाने त्यावरून सुधारल्या. तज्ज्ञांना जे कपाटात बसून कळलं नव्हतं ते फोटोतल्या माणसाच्या नातवाला कळलं. जालन्याचे नातू आज पुण्यात, हैदराबादेत, अमेरिकेत आहेत. फोटो ट्रंकेत राहिला तर त्यांच्यापर्यंत जाणार कसा?

दुसरं उत्तर घराजवळचं आहे. ऑगस्ट 2022मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थच्या मंदिरातून पुरातन मूर्ती चोरीला गेल्या. सुदैवाने दोनेक महिन्यांत पोलिसांनी त्या परत मिळवल्या. पण सगळीकडे असं नशीब नसतं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथान गावचा कांस्य नटराज चोरीला गेला तो थेट ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या सरकारी कलासंग्रहालयात निघाला. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पूर्वी देवळादेवळांत जाऊन फोटो काढून ठेवले होते. त्या फोटोंशी ताडून मूर्ती तीच असल्याचं दाखवता आलं आणि 2014मध्ये ती भारतात परत आली. तुमच्या गावच्या देवळातल्या मूर्तीचा 1960चा फोटो, त्यात पितळेच्या प्रभावळीवर असलेली एखादी खाच, हा उद्याचा पुरावा ठरू शकतो. अन्व्याच्या जुन्या देवळासारख्या कोरीव वास्तूसमोर काढलेल्या सहलीच्या फोटोलाही हेच लागू. पोरांच्या मागे उभा असलेला खांब पुढे एखाद्या अभ्यासकाला हवा असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

फोटो हाताळताना हात धुऊन कोरडे करा आणि कडेने धरा. मागे लिहायचं असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, फोटो सपाट काचेवर पालथा ठेवून. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो आणि स्केचपेनची शाई पाझरते. जालन्याचा उन्हाळा फोटोला वाळवतो, पावसाळा बुरशी आणतो आणि कसर तर बारमाही. माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवण्यापेक्षा घरातल्या मधल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं. डांबरगोळ्या फोटोंबरोबर ठेवू नका. लॅमिनेशन तर कधीच नको; ते पुन्हा निघत नाही. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंची वेगळी अडचण असते. वर्षानुवर्षं ओल लागून फोटो काचेला चिकटलेला असतो. तो ओढून काढायचा मोह आवरा, कारण चेहरा काचेवरच राहतो. काचेवरचं कुंकू आणि धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसा, फ्रेम खिडकीशेजारी सावलीत उभी करा, आणि स्वतःच्या मागे काळं कापड धरून काचेतूनच फोटो घ्या. काळ्या कापडामुळे काचेत तुमचं आणि खोलीचं प्रतिबिंब पडत नाही.

स्कॅनर मिळाला तर उत्तम. सपाट काचेचा साधा स्कॅनर चालतो. कागद आत ओढून घेणारा मात्र नको. सहा बाय चार इंची फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचा 1200वर, निगेटिव्ह असेल तर 2400 किंवा अधिक. काळा-पांढरा फोटोही रंगीत सेटिंगवरच स्कॅन करायचा, कारण कागदाचा पिवळेपणा, डाग, शाईचा रंग हीही माहिती असते. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवा. सहा बाय चारच्या फोटोची अशी एक फाइल 26 एमबीच्या आसपास होते, म्हणजे हजार फोटोंना 26 जीबी. एवढी जागा आज पेनड्राइव्हवरही मावते, त्यामुळे कंजुषीला कारण नाही. इंटरनेटवर टाकायला त्यावरून जेपेग बनवा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, मोडीतला तो न लागलेला शब्द, सगळं तिथेच असतं. आमचा शब्द लागेल तो अशाच एखाद्या मोडी वाचणाऱ्याने मागची बाजू पाहिली तर.

स्कॅनर नसेल तर मोबाइलने चालवा. दिवसाउजेडी, ऊन थेट नसलेल्या खिडकीशी, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला अगदी समांतर. आणि ती प्रत व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखी पाठवू नका; फाइल बारीक होऊन पोचते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फाइलीचं नाव ‘आयएमजी 4032’ असं ठेवून दिलंत तर महिन्याने तुम्हालाच काही कळणार नाही. गाव, साल, क्रमांक असं नाव द्या, आणि एका वहीत किंवा साध्या एक्सेल तक्त्यात त्या क्रमांकासमोर नोंद करा: फोटो कुणाचा, कुठे, केव्हा, कोण कोण, मूळ कुणाकडे आहे, ही माहिती कुणी आणि कोणत्या तारखेला सांगितली. शेवटची गोष्ट लोक गाळतात. माहितीला सांगणारा असला की पुढे चूक निघाली तरी उलगडता येते. जिथे खात्री नाही तिथे ‘बहुधा’ लिहा आणि का ते लिहा. ‘1955 ते 1960, कारण धाकट्या मुलाचं वय साधारण पाच’ ही नोंद छातीठोक 1957पेक्षा मोलाची.

साल ठरवायला फोटोच मदत करतो. जाड पुठ्ठ्यावरचा फोटो बहुधा जुना. कातरलेल्या नागमोडी कडांचा पांढऱ्या किनारीचा फोटो साधारण 1940 ते 60च्या काळातला. गोल कोपऱ्यांचा रंगीत बहुतेक सत्तरीतला. जालना स्टेशनवर अरुंद रूळ, म्हणजे मीटरगेज दिसला तर फोटो 1990च्या दशकातल्या रुंदीकरणाच्या आधीचा. गाडीच्या पाटीवर एमएच 21 असेल तर 1989नंतरचा. महिको कंपनीची पाटी दिसली तर 1964च्या पुढचा, जेईएस कॉलेजची असेल तर 1958च्या.

हक्कांचा प्रश्न लोकांना घाबरवतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. कागदी फोटो तुमच्या हातात आहे म्हणजे त्याचा कॉपीराइट तुमचा झाला असं नाही, आणि स्कॅन केल्याने तर मुळीच होत नाही. 1957चा कॉपीराइट कायदा जानेवारी 1958मध्ये लागू झाला. त्याआधी काढलेल्या फोटोंचा हक्क निगेटिव्ह तयार झाल्यापासून पन्नास वर्षं होता, म्हणजे ते फोटो आज मुक्त आहेत. त्यानंतरच्या फोटोंना प्रसिद्धीपासून आधी पन्नास आणि 1992च्या दुरुस्तीने साठ वर्षांची मुदत होती. 2012च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं अशी ती झाली. एक कलम मात्र घरांच्या बाजूचं आहे. पैसे देऊन कुणी आपला फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, स्टुडिओवाला नव्हे. आजोबांनी 1966ला पैसे मोजून काढून घेतलेला लग्नाचा फोटो तुम्ही, घरच्या इतर वारसांच्या संमतीने, खुला करू शकता. पण स्टुडिओवाल्याने स्वतःच्या हौसेने काढलेले बाजाराचे, यात्रेचे फोटो त्याचे किंवा त्याच्या वारसांचे. त्यांच्याकडे जा, चहा घ्या, आणि एका कागदावर लिहून घ्या: ‘हे फोटो माझ्या वडिलांनी काढलेले असून त्यांचे हक्क माझ्याकडे आहेत, ते नाव देऊन कुणीही वापरावेत यास माझी संमती आहे.’ खाली सही, तारीख. सहवारसांत वाद असेल तर तो फोटो तूर्त बाजूला ठेवा.

टाकायचे कुठे? फेसबुकवर लाइक भरपूर पडतात. तीन महिन्यांनी तीच पोस्ट शोधून बघा, सापडायची नाही. शिवाय तिथे फाइल बारीक होते. माझं मत विकिमीडिया कॉमन्सच्या बाजूने आहे. मराठी विकिपीडियाला लागणारे फोटो तिथूनच येतात, खातं फुकट आहे, मूळ आकाराची फाइल राहते, वर्णन मराठीत देता येतं. तिथल्या अटी मात्र कडक. फोटो मुक्त का आहे हे सांगावं लागतं, आणि ‘व्यापारी वापर नको’ अशी अट घातलेला फोटो ते घेत नाहीत. अमेरिकेच्या कायद्याचाही विचार होत असल्याने 1946च्या आधीचे भारतीय फोटो तिथे सर्वांत निर्धोक. नंतरच्यांसाठी मालकाची लेखी परवानगी ईमेलने पाठवायची सोय आहे. ज्यांना फोटोमागची गोष्ट सांगायची आहे त्यांनी अनुषा यादव यांनी 2010मध्ये मुंबईतून सुरू केलेला इंडियन मेमरी प्रोजेक्ट पाहावा. घरगुती फोटो आणि त्याखाली घरच्याच माणसाने सांगितलेली हकिकत, एवढ्यावर तो उभा आहे. आपल्याकडच्या एखाद्या वाचनालयाला हेच मराठवाड्यापुरतं करता येईल, त्याला फार पैसे लागत नाहीत.

वर्णनात जालना मराठीत, आजच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि जुन्याही स्पेलिंगने लिहा. ‘दुर्मीळ फोटो, जुने जालना’ असली ओळ कुणाच्याही कामाची नाही. फोटोच्या मधोमध आपल्या नावाचं वॉटरमार्क छापू नका. चोरीची भीती समजते, पण तुमच्या नावासाठी आजोबांचा चेहरा झाकायचा का? हल्ली मोबाइलवर एका बटणात जुना फोटो रंगीत होतो. हौस म्हणून करा, वेगळी फाइल ठेवा आणि ‘रंग संगणकाने भरले’ असं स्पष्ट लिहा. आजीचं लुगडं हिरवं होतं की जांभळं हे त्या यंत्राला माहीत नाही, आणि दहा वर्षांनी कुणीतरी त्यावरून लेख लिहील.

काही फोटो खुले करू नयेत, किंवा निदान घाई करू नये. रझाकारांच्या काळातले आणि 1948च्या पोलीस अॅक्शननंतरचे, नामांतराच्या आंदोलनातल्या जाळपोळीचे फोटो काही घरांत आहेत. ते जपायलाच हवेत, चांगले स्कॅन करून ठेवायला हवेत. पण ज्यात मृतदेह आहेत, बेइज्जत झालेली माणसं आहेत, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते जगापुढे मांडू नका. गावात दोन्ही बाजूंची नातवंडं अजून शेजारी राहतात. दुष्काळी कामावरच्या बाईचा फोटो टाकतानाही तिच्या घरात विचारा. पुष्कळदा ते अभिमानाने होकार देतात आणि नावही सांगतात.

सगळ्याच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवर. मूळ फोटो स्कॅन झाले म्हणून रद्दीत घालू नका. हे सांगावं लागतं, कारण मी तसं झालेलं पाहिलं आहे.

गावपातळीवर करायचं असेल तर 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन सोयीचा. झेंडावंदनाला म्हातारी माणसं हमखास येतात. वाचनालयाच्या किंवा शाळेच्या ओसरीत जुन्या फोटोंच्या मोठ्या छापील प्रती दोरीला अडकवा, प्रत्येक चेहऱ्यावर बारीक आकडा घाला, खाली कोरा कागद आणि पेन्सिल बांधून ठेवा. शेजारी एका बाकावर कॉलेजची दोन मुलं वही घेऊन बसवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं ती ऐकून लिहितील. वीस फोटो पुरेत. भाषणं ठेवलीच तर शेवटी ठेवा, कारण ती सुरू झाली की फोटोंपुढचे लोक उठून खुर्च्यांवर जातात.

आमचा 1347 फसलीचा फोटो यंदा त्या दोरीवर असेल. खुर्चीवर बसलेल्यांतले चौथे गृहस्थ, पांढरा रुमाल बांधलेले, हातात काठी, आणि त्यांच्या मागे उभी असलेली ती उंच बाई, यांना कुणी ओळखत असेल तर अवश्य यावं.